खंडेनवमीला पुजलेला खांब

लोक मला डीपीचा डबा समजतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरातला, कॉलनीच्या बागेशेजारचा चार्जिंगचा खांब बोलतोय. या भागात गाडीला वीज देणारा मी एकटाच. होतो, म्हणायला हवं.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. इथं आलो तेव्हा फीत कापली, पेढे वाटले, माझ्याबरोबर फोटोही काढून झाले. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. माझ्यावर पत्र्याची शेड असल्यानं पेट्रोलच्या गाड्या मात्र सावलीला हटकून यायच्या. माणसांना फुकटची सावली सोडवत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

मग रेश्मा आली. मागच्या चाळीत राहणारी, विजेवरची रिक्षा चालवणारी. माझ्याच भरवशावर तिनं ती घेतली होती, कारण तिच्या घराच्या बोळात रिक्षा शिरत नाही. सकाळी शाळेची मुलं, दुपारी बाजाराच्या बाया आणि मधल्या वेळात माझ्यापाशी मुक्काम. पण समोरच्या बंगल्यातले लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, आपली मोटार नेमकी माझ्यापुढं लावायचे.

"आवं काका, गाडी जरा म्हागं घ्या की. मला चार्जिंगला लावायचीय."

"आगं, ऊन लय हाय. घेतो की पाच मिन्टांत."

त्यांची पाच मिनिटं जेवण आणि झोप उरकूनच संपायची. रेश्मा धुसफुसत बसून राहायची. राग मलाही यायचा.

अशात खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजतात. लालासाहेबांनी पाइप लावून मोटार धुतली. रेश्मानं रिक्षा पुजली आणि ताट घेऊन माझ्याकडं वळली. माझी पूजा! आजवर कुणी साधं फडकं मारलं नव्हतं. मी हरखून गेलो. तिनं माझं झाकण उघडलं, सॉकेटला हळदकुंकू लावलं, पायाशी नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या उघड्या तोंडावर शिंपडलं.

"माज्या पोरांचं पोट भरतोस रं बाबा," ती म्हणाली.

पाऊस मी सोसतो, कारण तेव्हा झाकण बंद असतं. हे पाणी मात्र थेट आत उतरलं. ऐन दसऱ्याला मी बंद पडलो.

तपासायला आलेला माणूस म्हणाला, "आत पानी गेलंय. पार्ट मागवाय लागंल." पार्ट अजून आलेला नाही. रेश्मा तडक लालासाहेबांच्या दारात गेली.

"काका, तुमीच पाइपनं पानी मारलंसा न्हवं?"

लालासाहेब आधी तापले. मग तिचं तोंड बघून वरमले. "आगं पोरी, मुद्दाम न्हाई मारलं. उडालं आसंल. माज्या पोर्चात लाव गाडी, चार्जिंगला बोर्ड देतो काढून."

"नको मला तुमची लाईट!"

तेव्हापासून ते मोटार उन्हात लावतात. पोर्चात त्यांनी खरोखरच बोर्ड बसवून घेतलाय. रेश्मा तिकडं ढुंकूनही बघत नाही. ती रिक्षा पार कऱ्हाडात नेते, तिथं नंबर लागेपर्यंत थांबते आणि शाळेची वेळ चुकते. निम्म्या मुलांच्या घरच्यांनी दुसरी गाडी लावली. काल आटपाडीचा एक माणूस रिक्षा बघून गेला. उद्या तो ती न्यायला येणार आहे.

माझी दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तुम्ही या वाटेनं जात असाल तर आजच रेश्माला गाठा. लालासाहेबांच्या पाइपचं पाणी माझ्यापर्यंत आलंच नव्हतं, हे तिला सांगा. नारळाचं सांगू नका, असं म्हणणार होतो. तिच्या जिवाला फार लागेल. पण तेही सांगा. आपल्याच पूजेनं मी गेलो हे कळून ती रडेल. रडू दे. रडून झालं की रिक्षा समोरच्या पोर्चात नेऊन लावेल.