झाकणावरची तारीख

बुलेट ट्रेन हलायच्या आतच शिगेहारूने डबा उघडला. चारचौघांत घरचं खायची त्याला लाज वाटे. प्रवासात त्याला स्टेशनवरच्या दुकानातलाच डबा हवा. म्हणून त्याच्या बायकोने, फुसाएने, दुकानाचा जुना लाकडी डबा धुऊन त्यात घरचाच भात, स्वस्तातले परतलेले मुगाचे मोड आणि अंड्याची गोडसर गुंडाळी भरली होती. शिगेहारूला याचा पत्ता नव्हता.

"याला म्हणतात हात!" गुंडाळीचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला. "शिक काहीतरी!"

शेजारी बसलेल्या फुसाएने त्याच्यापुढे हातरुमाल सरकवला.

तेवढ्यात त्याचं लक्ष झाकणावरच्या कागदाकडे गेलं. "अगं, ही तारीख गेल्या वर्षीची! मेलो!" एका हाताने पोट धरून त्याने कंडक्टरला बोलावलं. बिचारा कंडक्टर, त्याची काही चूक नसताना कमरेत वाकून माफी मागू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा वाकला तेव्हा फुसाएला बघवेना.

"पुरे हो," ती म्हणाली. "डबा जुना आहे. जेवण मी आज पहाटे केलंय."

कंडक्टर हसू दाबत पुढे सटकला. नागोया स्टेशन येईपर्यंत शिगेहारूने डब्याला हात लावला नाही. मग त्याने हळूच जेवणाच्या काड्या उचलल्या.

"पोटात दुखत होतं ना?" फुसाएने विचारलं.

"ते तारखेमुळे. स्वयंपाकाला काय झालंय?"

फुसाएने झाकण नीट पुसून पिशवीत टाकलं.

"आता घरीही याच डब्यात वाढते," ती म्हणाली. "एकतीस वर्षं मी मूर्खासारखी चव बदलत बसले, बदलायचं होतं ते भांडं!"