पार्टिशनमागचा तेलघाणा

मी बेगमबीचा तेलघाणा बोलतोय. आवाज दबका येत असेल, कारण मधे प्लायवुडचं पार्टिशन आहे. पलीकडे डॉक्टर व्हायला लातुरात आलेल्या मुली अभ्यास करतात.

किल्लारीच्या भूकंपानंतर बेगमबीनं मला आणलं. नवरा गेला होता, लेक अर्शिया लहान होती. मी विजेवर चालायचो. पट्टा फिरला की जमीन थरथरायची आणि शेजारणी लेकरं घेऊन बाहेर पळायच्या. बेगमबी एकेकीला हाताला धरून आत आणायची. "बघा, ह्यो हाय. भूकंप न्हाई."

शेतकरी करडी घेऊन यायचे. तेल आणि पेंड घेऊन परत जायचे. शेडमधली माझी घरघर बेगमबीला इतकी सवयीची झाली, की वीज गेली तर ती जेवता जेवता उठून यायची.

पुढं सरकारनं बाहेरच्या देशांतल्या तेलाला दार उघडलं. पामतेल आलं, स्वस्त आलं. गरिबाच्या घरी सणाला दोन पुऱ्या जास्त तळल्या जाऊ लागल्या. त्याला वाईट कसं म्हणू? पण माझ्यासमोरची पोती कमी होत गेली. अर्शियाच्या लग्नात आचाऱ्यानं पामतेलाचे डबे मागितले. बेगमबी म्हणाली, "आणा." त्या दिवशी ती शेडमध्ये आली नाही.

मग गिरणीवाल्यांनी ओरड केली. सरकारनं बाहेरच्या तेलावर कर वाढवला. मला वंगण मिळालं, शेतकऱ्यांनी करडी पेरली. एवढ्यात शहरात तेल महागलं, तिथून ओरड झाली आणि कर उतरला. असं पुनःपुन्हा झालं. भंगारवाला दारात आला की बेगमबी म्हणायची, "थांब जरा. कर वाढनार हाय म्हनतेत." त्या आशेवर मी विकला गेलो नाही, पण चाललोही नाही. शेवटी तिनं अर्धी शेड क्लासवाल्या व्यंकट सरांना मुलींच्या अभ्यासिकेसाठी भाड्यानं दिली.

अलीकडे कर पुन्हा वाढला. मुरुडचा रामलिंग करडीची पोती घेऊन आला. बेगमबीनं मला पुसलं, स्विचकडे हात नेला. तेवढ्यात व्यंकट सर आले.

"चाची, जागा तुमची हाय. पन ह्या आवाजात पोरी ऱ्हानार न्हाईत. मला दुसरीकडं बघावं लागंल."

तिनं रामलिंगला विचारलं, "पुढच्या साली कर असाच ऱ्हाईल का?"

"ते मी कसं सांगू, चाची?"

"मंग घेऊन जा बाबा."

रामलिंगनं पोती परत टेम्पोत चढवली. तिला दोष देऊ नका. चूल त्या भाड्यावर पेटते.

कर वाढवायचा की उतरवायचा, ते जाणत्यांनी ठरवावं. माझं मागणं एवढंच, की जे ठरेल ते चार पेरण्या तरी टिकू द्या. आणि ते जमणार नसेल, तर बेगमबीला तसं स्पष्ट सांगा. तिनं वाट बघणं सोडलं, तर माझीही सुटका होईल.