फ्रेममधला आकडा

बाबांच्या वर्षश्राद्धाला गुरुजी जेवून गेले आणि धैर्यशीलकाका कानपूर रोडवरच्या डेअरीतून द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन आले. डेअरीत तो गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागतो. आमच्या सरोजिनी नगरच्या घरात तो बाबांच्या कॉम्प्युटरसाठी येई.

हवाई दलातून रडार तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांना एकच नाद उरला होता: प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुष्कळ पुढे पळवायचा. तो भयंकर तापतो, म्हणून त्याच्यावर तांब्याचं भांडं बसवून नायट्रोजन ओतत राहायचं. शहरातल्या हौशी क्लबचा विक्रम त्यांच्या नावावर होता. ‘पाय’चे कोट्यवधी अंक काढायला लागलेला वेळ फ्रेम करून त्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावला होता.

"आज भास्करचंच मशीन, भास्करचीच पद्धत," काका आईला म्हणाले. "वहिनी, आमची श्रद्धांजली हीच."

"तुमच्यासाठी ठेवलेली खीर निवतेय," आई म्हणाली, पण पुढची खुर्ची तिनेच धरली.

मी बंगळुरूला चिपच्या डिझाइनमध्ये काम करते. घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये विजेचा संदेश चिपमध्ये जिथे जायचा तिथे पोचतो की नाही, हे तपासणं ही माझी नोकरी. बाबांच्या नादाला मी सर्कस म्हणत असे.

भांड्यातून वाफ जमिनीवर सांडू लागली. गणित सुरू झालं. माझ्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं. वर्षभर तेच वापरते आहे. सुरुवातीला ते आणि स्क्रीनवरचं घड्याळ बरोबर चालत होती. मग सेकंदकाट्याच्या प्रत्येक फेऱ्याला स्क्रीन थोडी थोडी मागे राहू लागली.

"काका, स्क्रीनवरची वेळ खोटी आहे."

"मतलब?" माझा धाकटा भाऊ अमोघ.

"मशीन सुरू करताना चिपच्या मूळ ठोक्याचा वेग वाढवून ठेवला, आणि चालू झाल्यावर तो उतरवून त्याला गुणणारा आकडा, गुणक, चढवला. हो ना?"

"थेट सुरू केलं तर अडकतं. भास्करची युक्ती ती."

"पण मशीन सेकंद मोजतंय जुन्याच जलद ठोक्यांच्या हिशेबाने. आता ठोके सावकाश पडताहेत, म्हणजे त्याचा सेकंद लांबलाय. खरा वेळ जास्त लागतोय."

बोलताना माझा आवाज चढला होता. रागाने नव्हे. मला आनंद झाला होता. त्यांच्या फोटोसमोर, त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी, मी बाबांना पकडलं होतं.

"दीदी, आज भी ऑफिस?" अमोघ म्हणाला.

काकांनी कॅन खाली ठेवला. उभा जन्म बँकेत काढलेला माणूस. "मग फ्रेममधला आकडाही गेला. क्लबला कळवावं लागेल. नाव काढतील."

"म्हणजे यांनी फसवलं?" आईने विचारलं.

रडारवर सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल, असं मला वाटेना. आई माझ्याकडे पाहत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

"पुन्हा करू," मी म्हणाले. "मी मोबाइलवर वेळ धरते."

काका ओतत होते, अमोघ तापमानावर डोळे लावून बसला होता, आईने डोळे मिटले होते. मोबाइलवर फ्रेममधला आकडा आला. स्क्रीनवर गणित चालूच होतं. मी अंगठा दाबून मोजणी थांबवली आणि मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

त्यानंतर गणित संपेना. वरून एक विमान उतरायला गेलं. कोणीतरी माझ्याकडे बघावं असंही वाटलं.

"झालं!" काका ओरडले. "बोल, रुचा!"

मी मोबाइल पुढे केला. "जुळतंय. माझंच चुकलं."

"चिपवाली हरली!" काकांनी टाळी दिली ती अमोघला. "अरे, बापाला शिकवायला निघाली होती!"

"पापा ने वहाँ से भी हरा दिया," अमोघ हसत म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

आई उठली. खीर वाढायला जाताना माझ्यापाशी थांबली. "यांना एवढंच हवं होतं गं. तू एकदा तोंडाने म्हणावंस, की बाबा, तुमचं बरोबर आहे."

काकांनी फ्रेमवरची धूळ रुमालाने पुसली. मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. स्क्रीनवरचं घड्याळ अजून मागेच होतं.