झाकणाला लावलेला कान

धारवाडच्या सुभाष रोडवर, शनिवारच्या ऐन गर्दीत, बांगड्यांच्या दुकानासमोर मधू आडवी झाली. पडली नाही, रीतसर आडवी झाली. आधी गुडघे टेकले, मग पंजे, मग फ्रॉक सावरून डावा कान दगडी पायरीला लावला आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. बोट वर म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं.

तिच्या आईच्या, दीपश्रीच्या मनगटात बांगडी अर्धी चढलेली होती, त्यामुळे तिला ना उठता येईना ना बसता येईना. येणारेजाणारे पोरीला ओलांडून चालले होते.

"खाली कुणीतरी पळतंय," मधू म्हणाली.

बांगडीवालीनं दीपश्रीचा हात न सोडता मान वळवून बघितलं आणि हसून घेतलं. त्यांच्याकडचा नातूही असाच करतो म्हणे, परवा देवळात घंटेखाली निजला होता. "डिंबू बघते न्हवं? मग झालं की. सगळ्या गावाला हेच लागलंय."

डिंबू म्हणजे कार्टूनमधला एक पिवळा गोल प्राणी. अस्वल म्हणावं तर शेपूट आडवी येते, उंदीर म्हणावं तर पोट. कुठे काही संकट येणार असलं की हा जिथे असेल तिथे जमिनीला कान लावतो, एक बोट वर करतो, आणि संकट कुठून येतंय ते सांगतो. संकट बहुधा लाडूचोराचं असतं. चार महिन्यांत या डिंबूनं हुबळी-धारवाडच्या पोरांना असं काही आडवं केलं होतं की बालवाडीत प्रार्थनेच्या वेळी एकदम अकरा मुलं जमिनीला कान लावून निजली आणि बाईंना प्रार्थना तशीच आटपावी लागली. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसरात्र तेवढंच. कुणी डॉक्टरांचे व्हिडिओ टाकायचं, कुणी हात जोडलेली चित्रं. एकीनं लिहिलं की तिचा मुलगा उभ्या टेम्पोच्या मागे निजलेला सापडला.

सुभाष रोडवरून परतताना कुणाचीतरी भरून वाहणारी घागर वाटेत आली आणि तिच्या नव्या चपला भिजल्या. त्या रागात तिनं घरी येताच टीव्हीवरून आणि दोन्ही फोनांवरून डिंबू काढून टाकला. मधूनं दोन दिवस भोकाड पसरलं, तिसऱ्या दिवशी विसरून गेली. डिंबूला विसरली. कान लावणं मात्र विसरली नाही.

दीपश्री संख्याशास्त्राची एम.एस्सी. तिनं एक वही केली. तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं, आधी काय खाल्लं, आदल्या रात्री किती झोपली. लाल पेनानं, रेघा आखून. नवरा चेतन रोज नवनगरहून बसनं हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजात शिकवायला जाई. तो म्हणायचा, एवढा डेटा तर त्यांच्या पीएच.डी.च्या पोरांकडेही नसतो. त्याची तक्रार एकच होती, पोरीवर संशोधन करण्यापेक्षा तिला थोडं रागावून बघावं. दीपश्रीनं तेही करून बघितलं होतं. मधू रागावणं पुरं होईस्तोवर उभी राहायची, मान डोलवायची, आणि चार दिवसांनी पुन्हा फाटकाबाहेर गल्लीतल्या लोखंडी झाकणावर कान ठेवून निजायची. आता दुसरीकडे कुठे नाही. फक्त तिथेच. हे तर दीपश्रीला जास्तच भीतीचं वाटलं, कारण बाकीची पोरं डिंबू सोडून आता कुठल्याशा उडणाऱ्या मांजरीच्या नादी लागली होती. हिच्याच डोक्यात काय रुतून बसलं होतं?

मग तो गाडीचा प्रसंग झाला. सकाळी पावणेसातला समोरचे राघवेंद्र गाडी मागे घेत होते आणि झाकणावर मधू निजलेली. त्यांना आरशात लाल रिबन दिसली म्हणून ब्रेक लागला. चाक आणि रिबन यांच्यात वीतभर अंतर. दीपश्री धावत गेली, पोरीला उचललं, आणि उचलून फाटकाच्या पायरीवरच बसून राहिली. मधू तिच्या कानाशी सांगत होती की तिला अजून पुरतं ऐकू आलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं विद्यानगरच्या एका बालसमुपदेशक बाईंची वेळ घेतली. गुरुवारची मिळाली, दुपारी साडेचारची, पुढच्या आठवड्यातली. वही पर्समध्ये घालून ठेवली. चेतननं तेव्हा काही थट्टा केली नाही.

तो गुरुवार उजाडला तो पाण्याच्या खडखडाटात. नवनगरात त्यांच्या गल्लीला नळाचं पाणी आठ दिवसांनी येई, कधी नवव्या दिवशी. पाणी आलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दीपश्री त्या तारखेला निळा गोल करी आणि पुढचे आठ दिवस मोजायला घेई. गोधड्या कधी धुवायच्या, केस कधी धुवायचे, सासरची माणसं कधी आलेली चालतील, सगळं त्या गोलावर. सासूबाई फोनवर आधी तेच विचारायच्या, "आमी कधी येऊ? गोल कधी हाय तुमचा?" या खेपेला कुठेतरी मोठा नळ फुटला होता. आठवा दिवस गेला, नववा गेला, गुरुवार हा अकरावा. टाकीचा तळ दिसत होता. बेसिनमध्ये कालची भांडी. दीपश्रीनं दोन तांब्यांत अंघोळ उरकली आणि साडेतीन वाजता मधूला निळा फ्रॉक घालून तयार केली.

स्वतः साडीच्या निऱ्या खोचून बाहेर आली तर फाटक उघडं, आणि निळा फ्रॉक झाकणावर.

"मधू, ऊठ. उशीर होतोय."

बोट वर गेलं. "येतंय."

"काय येतंय?"

"पाणी. लांब हाय अजून."

दीपश्रीनं तिला दंडाला धरून उठवायला हात घातला, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाणीवाल्या रामूअण्णांची खटारा मोपेड वळली. अळणावरकडच्या खेड्यातला माणूस, तेवीस वर्षं याच भागात पाणी सोडतो. पाठीशी बांधलेली पुरुषभर उंचीची चावी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. गल्लीतले सगळे त्यांची अकरा दिवस वाट बघत होते, पण त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मोपेड लावली, मधूला "सर बाय जराशी" म्हणून झाकण उचललं, चावी आत सोडून खालच्या व्हॉल्व्हवर बसवली. फिरवली नाही. वाकले, चावीच्या आडव्या दांड्याला उजवा कान लावला, आणि एक बोट वर केलं.

दीपश्री जागच्या जागी थांबली. रामूअण्णांनी डिंबू कधी पाहिला असण्याची शक्यता नव्हती.

"काय म्हणतंय, मधव्वा?" रामूअण्णांनी विचारलं. एखाद्या जोडीदाराला विचारावं तसं. मधू कधीच वाकून चावीच्या मधल्या भागाला कान लावून उभी होती.

"शीऽऽ करतंय. मोठं शीऽऽ."

"वारा हाय त्यो. पाणी?"

मधूनं डोळे मिटले. एवढ्या लहान तोंडावर एवढं लक्ष दीपश्रीनं कधी बघितलं नव्हतं. जेवताना नाही, डिंबू बघतानाही नाही.

"वळलं," मधू म्हणाली. "आत्ता वळलं."

"बँकेच्या कोपऱ्यावर आलं म्हणा की," रामूअण्णा स्वतःशीच म्हणाले आणि कंबर सरळ करून उभे राहिले.

दीपश्रीला आधी संताप आला. हे तुम्ही शिकवलंत का हिला, असं तिनं विचारलं, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढला. रामूअण्णांनी डोक्याचा टॉवेल काढून मान पुसली. त्यांचं म्हणणं असं की त्यांनी काही शिकवलं नाही. संक्रांतीच्या सुमाराला ते एकदा आले तेव्हा पोरगी आधीच झाकणावर निजली होती, आणि पाणी यायला अर्धा तास होता. त्यांनी थट्टेनं विचारलं, आलं का ग? ती म्हणाली, आलं न्हाई, येतंय. आणि खरंच आलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी थट्टेनं विचारलं नाही.

"डावा कान गेला माझा, अक्का. रोज रस्त्याच्या कडंला उभं ऱ्हाऊन हॉर्न ऐकायचं. उजवा बी आता धड न्हाई. हाफिसात मशीन सांगतंय, पाणी सोडलं म्हणून. पण हितं कवा पोचतंय, पुढं वारा किती हाय, ते मशीन न्हाई सांगत. रिकाम्या लाइनीत पाणी वारा ढकलत येतंय. वारा जाऊ न देता चावी फिरवली की सांधा निसटला. परवा मोठा नळ फुटला, तिथं तेच झालं न्हवं का. मग आजच्याला कान पायजे, तर हिलाच विचारलं."

दीपश्रीनं पर्स उघडून वही काढली आणि उघड्या फाटकातून सरळ स्वयंपाकघरात गेली. कॅलेंडर भिंतीवर, निळे गोल त्यावर. वही हातात, लाल नोंदी तीत. दोन्ही अक्षरं तिचीच. दोन महिने ती दोन्ही रोज बघत होती, एक झोपायच्या खोलीत, एक चुलीपाशी, आणि संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला ती एकमेकांशेजारी धरून बघावी असं एकदाही सुचलं नव्हतं.

नऊ नोंदी होत्या. सात निळ्या गोलांवर बसल्या. गाडीच्या त्या सकाळीसुद्धा गोल होता. पाणी सव्वासातला आलं होतं आणि तिनं रडत रडतच पिंप भरलं होतं, तिला आता आठवलं. पहिली नोंद सुभाष रोडची. ती गोलावर नव्हती, पण त्या दिवशी त्या रस्त्याला पाणी आलं होतं. भरून वाहणारी घागर, भिजलेल्या चपला. खाली कुणीतरी पळतंय. उरलेल्या एका नोंदीचा उलगडा तिला झाला नाही, आजही झालेला नाही, आणि आता ती त्या एका नोंदीकडे बघते ती भीतीनं नव्हे.

ती परत बाहेर आली. राघवेंद्र त्यांच्या फाटकात, शेजारच्या शकुंतलाक्का वरच्या गच्चीवर पाइप धरून, सगळी गल्ली दारात उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. एका चार वर्षांच्या पोरीचं बोट वर होतं.

"ऐका की, अक्का," रामूअण्णांनी चावीचा दांडा तिच्याकडे वळवला.

समुपदेशक बाईंसाठी नेसलेल्या साडीचा पदर खोचून दीपश्री वाकली. लोखंड उन्हानं तापलं होतं. आधी तिला फक्त स्वतःच्या बांगड्या ऐकू आल्या, मग स्वतःच्याच अंगातलं रक्त. ती उठणार होती.

मग लांबून एक आवाज निघाला. खालच्या एखाद्या खोलीत कुणी तंबोरा जुळवून ठेवावा आणि दार हळूच उघडावं तसा. त्यावर वाऱ्याची बारीक शीळ. शीळ जाड झाली, तुटली, पुन्हा धरली गेली, आणि तिच्या मागून काहीतरी जड, सलग, सावकाश चालत आलं. पावलं नव्हती, पण चालणं होतं. मलप्रभेच्या धरणातून निघून शेतांच्या खालून, ज्वारीच्या मुळांखालून, रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या चाकांखालून ते अंधारात इतके कोस आलं होतं आणि तिच्या फाटकाशी वळत होतं. अकरा वर्षं ती या पाण्यावर जगत होती. तिनं ते मोजलं होतं, भरलं होतं, त्याच्यावरून शेजाऱ्यांशी भांडली होती. ते असं येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि चावीच्या मधल्या भागाला कान लावलेली, तिच्याच पोटची, जिला ती आज दुरुस्त करायला नेणार होती, ती हे सगळं कधीपासून ऐकत होती.

"मधू," ती हलकेच म्हणाली, "डिंबूला पण असंच ऐकू येतं का ग?"

मधूनं डोळे उघडले नाहीत. "डिंबूला खोटं खोटं येतं," ती म्हणाली. "हे खरं हाय."

रामूअण्णांनी चावी पाव फेरा फिरवली, थांबले, ऐकलं, पुन्हा पाव फेरा. गल्लीतले नळ खोकू लागले. वरून शकुंतलाक्कांनी "नीरु बंतु" म्हणून हाळी दिली, पाणी आलं, पाणी आलं, आणि सगळीकडे पाइपांची, बादल्यांची पळापळ सुरू झाली.

दीपश्रीनं बाईंना फोन करून पुढच्या आठवड्यातली वेळ मागून घेतली. जायचं तिनं रद्द केलं नाही. रस्त्याचं भय काही पोरीला बसलेलं नव्हतं, आणि ते कसं घालावं हे तिला अजून विचारायचं होतं. तोवर एक नियम तिनं तिथल्या तिथे केला: फाटकाबाहेर निजायचं नाही, कधीच नाही. मधूचा ओठ बाहेर आला. तेव्हा रामूअण्णांनीच तोड काढली. फाटकाच्या आत, तुळशीच्या कट्ट्यामागून घराचा नळ वर येतो तो लोखंडी आहे, तो त्याच लाइनीला जोडलेला. तिथे उभ्यानं ऐकता येईल.

मधूनं जाऊन कान लावला. "इथं लहान येतं," ती नाराजीनं म्हणाली. मग जरा वेळानं, "पण येतं."

टाकीत पाइप सोडायचा राहिला होता. कालची भांडी आत वाट बघत होती. पाइप कुठे आहे असं विचारायला दीपश्रीनं तोंड उघडलं, आणि मधूचं बोट वर गेलं.

दीपश्रीनं तोंड मिटलं. कट्ट्याला हात टेकून ती खाली वाकली आणि नळाच्या दुसऱ्या बाजूला आपला कान लावला.