मुका सांधा

लांब काठीच्या टोकाला माइक लावायचा, तो नटांच्या डोक्यावर पण कॅमेऱ्याला दिसणार नाही असा धरायचा, आणि नट चालले की त्यांच्याबरोबर आपणही चालायचं, हे बूमवालीचं काम. पायात एकावर एक दोन जोड लोकरीचे मोजे, अंगावर दागिना एकही नाही, खोकला आला तर गिळायचा. इतक्या वर्षांत तिच्या पावलांचा आवाज एकाही सिनेमात आलेला नव्हता. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे. हिरोइनच्या बांगड्या वाजल्या की अशी काही बघायची की ती बिचारी स्वतःच काढून ठेवायची.

आणि एक दिवस शॉट मध्येच थांबला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळं युनिट कानसेन म्हणायचं. त्याने हेडफोन दाबून धरले. "कुठेतरी कटकट होतेय," तो म्हणाला. सुताराने फळ्या तपासल्या, हिरोने बूट काढले, तरी कटकट होतीच. शेवटी कानसेनने तिच्या हातातला माइक घेतला आणि तिच्याच कमरेपाशी नेला.

"पाऊल टाक बरं."

तिने टाकलं. त्याने हेडफोन उतरवले.

तिचा खुबा दोन वर्षांपासून दुखत होता. दुखणं तिने दाबून ठेवलं होतं. आवाज काही दाबता येईना. लोक हसले, तीही हसली, आणि मेकअपच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. उरलेला सिनेमाभर बूम एका लाइटवाल्याने धरला. त्याची सावली प्रत्येक भिंतीवर पडायची, पण निदान तो वाजत नव्हता.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर कृत्रिम खुब्याचे नमुने मांडले. मांडीच्या हाडावर बसतो तो गोळा, कमरेच्या हाडात बसते ती वाटी. बूमवालीच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नणंद. नणंदेला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला बोलवावं लागत नाही.

"धातूवर धातू आम्ही जवळपास सोडूनच दिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "घासून बारीक कण सुटतात, आजूबाजूचं मांस बिघडतं. गोळाही सिरॅमिकचा आणि वाटीही सिरॅमिकची घेतली, तर झीज अगदी नावाला. किंवा गोळा सिरॅमिकचा, वाटी प्लास्टिकची. हल्लीचं प्लास्टिक चिवट असतं, तरी थोडं झिजतंच. तुमचं वय बघता पुढे कधीतरी वाटी बदलावी लागू शकते."

"प्लास्टिक?" नणंद म्हणाली. "अहो, सांधा आहे की बादली?"

बूमवालीने दोन सिरॅमिकचे नमुने उचलले, कानाशी नेले आणि हळूच एकमेकांवर फिरवले.

"आवाज येतो का यांचा?"

डॉक्टर हसल्या. "असं बाहेर घासून काही कळत नाही. लोक मला टिकतं किती ते विचारतात, तुम्ही भलतंच विचारलंत. पण खरं सांगते. सिरॅमिकवर सिरॅमिक असेल, तर थोड्या लोकांत करकर ऐकू येते. कुणात येईल, ते आधी सांगता येत नाही."

"आणि प्लास्टिकच्या वाटीत?"

"तशी करकर सहसा नाही."

"मग तीच बसवा."

"अगं, नीट विचार कर," नवरा काकुळतीला आला. "पुन्हा कापाकापी नको व्हायला. टिकाऊ ते घे ना."

"अहो, करकरत शंभरी गाठून काय करू? मी काय दाराची बिजागरी आहे?" ती डॉक्टरांकडे वळली. "झिजली तर बदलू. वाजली तर माझं काम संपलं."

डॉक्टरांनी मान डोलावली. चालेल असा निर्णय आहे, म्हणाल्या.

ऑपरेशन छान झालं. काठी सुटली, जिने चढता येऊ लागले, दुखणं गेलं. पण 'सहसा' हा शब्द काही डोक्यातून जाईना. घरात नवरा कान देऊन बसायचा आणि काहीच वाजत नाही म्हणून शपथा घ्यायचा. तिचा विश्वास बसत नव्हता. त्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

कामावर परतली ती थेट एका लांबलचक कॉरिडॉरमध्ये. प्रत्येक जागेची नुसती शांतता आधी रेकॉर्ड करून ठेवायची, अशी या लोकांची रीत असते. तेवढा वेळ अख्खं युनिट पुतळ्यासारखं उभं राहतं. कानसेनने कॉरिडॉरच्या मध्यावर कमरेच्या उंचीला माइक लावला आणि सगळ्यांना सांगितलं, "कुणी हलायचं नाही. ही एकटी चालेल." मग तिला म्हणाला, "आवाज आला तर मी सांगणार हं. लाज धरणार नाही."

"धरलीस तर याद राख," ती म्हणाली.

कानसेनने तिच्याकडे पाठ केली, हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि हात वर करून इशारा दिला.

ती निघाली. माइकजवळून गेली, टोकाला वळली, पुन्हा माइकजवळून आली. नवा खुबा गुमान चालत होता. ती येऊन कानसेनच्या बाजूला उभी राहिली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तिचा जीव टांगणीला लागला. लाइटवाला तोंडावर हात दाबून उभा होता, ते तिला दिसलंच नाही.

शेवटी कानसेन वैतागला. डोळे न उघडताच ओरडला, "अगं बाई, घाबरलीस का? चल की आता!"

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊन आले," ती म्हणाली.