अंगचोर

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर थोरल्याच्या पायाला भिंगरी लागली होती. बाकावर टेकला की उठायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा, नखांतला वाळका रंग खरवडत राहायचा. आत धाकट्या भावाची मान चिरून चार तास झाले होते.

दोघेही रंगारी. गेली दोन वर्षं धाकटा छत रंगवताना पाच मिनिटांत ब्रश ठेवून शिडीवरून उतरायचा. डावखुरा गडी, म्हणायचा, हात भरून येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. थोरल्याने त्याला चारचौघांत अंगचोर म्हटलं आणि तेच नाव पडलं. गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "आज अंगचोर आला नाही का?"

काल डॉक्टरीणबाईंनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या होत्या. "डाव्या हाताची रक्तवाहिनी मुळाशीच अरुंद झालीय. हात राबला की तो मेंदूकडचं रक्त खेचून घेतो. मानेतली वाहिनीही चोंदलीय. दोन्ही एकदमच दुरुस्त करू."

म्हणजे चोरी होत होती ती खरीच, पण कामाची नव्हे. गडी जितका राबायचा तितका आतून लुटला जायचा.

संध्याकाळी थोरल्याला आत सोडलं. त्याने भावाचा डावा हात धरला. कायम गार असायचा, तो आज चक्क उबदार लागला.

"चोर सापडला रे," तो कसाबसा म्हणाला.

धाकट्याने डोळे किलकिले केले. "मग आता मला काय म्हणशील, दादा?"

थोरल्याने तोंड उघडलं. आईने ठेवलेलं नाव जिभेवर यायला त्याला वेळच लागला.