दुबई वरचढ का सिंगापूर

गुरुजींची गाडी गेवराईच्या अलीकडं पंक्चर झाली, तिथंच सगळा घोळ झाला. ते वेळेवर आले असते तर अकरा वाजता सुपारी फुटली असती, लग्न पक्कं झालं असतं, पाव्हणे जेवून आपल्या गावाच्या, कड्याच्या वाटंला लागले असते. मग मला भर बैठकीत नवऱ्याची अब्रू काढायची पाळीच आली नसती.

माझी तेजश्री लई चोखंदळ. नऊ पोरांना न्हाई म्हणली. लोकांना कारणं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग कड्याचा विजयसिंह बघायला आला. त्यानं तिला एवढंच इचारलं, "लग्नानंतर नोकरी कुठं बघायची, नगरला का बीडला?" करणार का, हे इचारलंच न्हाई. पोरगी आत आली आन् म्हणली, "आई, हाच." तवाच मी ठरवलं, काही झालं तरी हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं न्हाई.

आमच्या ह्यांचं, रामकिसनरावांचं, उमापुरात खताचं दुकान. पोराच्या बापाचं, शिवशंकररावांचं, कड्यात खताचंच दुकान. जो दुकानदार जास्त माल खपवतो त्याला कंपनी फॉरेनची ट्रिप देती. तिकीट एकच. बायकोनं घरी म्हशीचं शेण काढायचं. आमचे दुबईला गेलते, ते सिंगापूरला. दोन वर्षं झाली, तरी आमच्या घरात दुबई काढल्याबिगर चहाला उकळी फुटत न्हाई.

तर पोहे संपले, चहा दोनदा झाला, गुरुजी काही येईनात. तवा पोराच्या मामानं, रामहरीनं, मोबाइल काढला.

"जगातल्या लोकांना फिरायला कोणती शहरं आवडत्यात, त्याची लिस्ट आलीय बघा. दुबई तिसरी. सिंगापूर नववं."

"मी काय म्हणत होतो?" आमच्या ह्यांची छाती फुगली.

शिवशंकररावांनी चष्मा लावला आन् आपल्या मोबाइलवर दुसरीच लिस्ट काढली. तिच्यात सिंगापूर दुसरं, दुबई पार तळाला.

"ही खरी," ते म्हणले.

"ही कावून खरी? आमची खोटी का?"

"अहो, दुबईत हाय काय? वाळू! वाळू तर तुमच्या गोदावरीत बी पडलीय. तिच्यासाठी इमानात कावून बसायचं?"

"आन् तुमचं सिंगापूर? आमच्या गेवराई तालुक्याएवढं बी न्हाई!"

झालं. दोन्हीकडची भावकी उठली. ज्यांनी जल्मात नगरच्या पुढं पाय टाकला न्हाई, ते बी दुबई का सिंगापूर म्हणून हातवारे कराया लागले. मी आतून ह्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण हे कुठं बघतेत? बोलून गेले, "ज्यानं दुबई बघितली न्हाई, त्यानं दुनियेत काहीच बघितलं न्हाई!"

शिवशंकररावांनी टोपी डोक्यावर घातली. "म्हणजे आमी अडाणी? असल्या घरात आमाला सोयरीक करायची न्हाई. ऊठ रे विजय."

पोरगा अर्धा उठला, अर्धा तसाच राहिला. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. सुपारी पाटावर तशीच. तेजश्रीनं माझा दंड धरला. "आई, काहीतरी कर ना गं."

आमच्यात बैठकीत बाईमाणूस बोलत न्हाई. पण माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आन् बाहेर आले.

"थांबा पाव्हणं. दुबई कशी हाय, ते मी सांगते."

"गीता, आत जा," हे दबक्या आवाजात म्हणले.

"जात न्हाई! ह्यांनी दुबई बघितलेलीच न्हाई. पहिल्याच दिवशी त्या उंच इमारतीच्या लिफ्टमधी ह्यांना गरगरलं. मग चार दिवस हॉटेलच्या खोलीत बसून मी दिलेले धपाटे खाल्ले. दिवसातून पाच-पाच फोन. म्हशीला पेंड घातली का? दुकानाचं शटर नीट लावलं का? मला दुबई दाखवली ती खिडकीला मोबाइल लावून."

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. विजयसिंहाची आई, जानकीबाई.

"आमच्यांनी तरी काय दिवे लावले? तंबाखूची पुडी इमानात बसायच्या आधीच टाकून द्यावी लागली. पाच दिवस डोक्याला रुमाल बांधून झोपले. 'जानके, मला घरी यायचंय,' म्हणून फोनवर रडले."

आधी रामहरी फिसकन हसला. मग विजयसिंह. मग काय, अख्खी बैठक गडाबडा लोळायचीच बाकी राहिली. शिवशंकरराव बघत राहिले, टोपी काढली, खाली बसले आन् स्वतःच खोखो हसाया लागले. "घ्या रामकिसनराव! तुमी खिडकी बघितली, मी छत बघितलं!"

पण आमचे हे हसले न्हाईत. मान खाली घालून बसले. पोरीचं जमलं, पण माणसाची दोन वर्षांची ऐट मी चारचौघांत मातीत घातली. जिभेला हाड न्हाई माझ्या, मेलीच्या.

रामहरीला काय कळतंय? त्यानं इचारलंच, "पण पाव्हणं, चार दिवसांत एकदा तरी खाली उतरायचं. कावून न्हाई उतरला?"

ह्यांनी मान वर केली न्हाई. "उतरलो असतो. ही संग असती तर उतरलो असतो. एकट्यानं बघून सांगायचं कुणाला? म्हणून फोन लावत होतो. म्हशीचं काय घेऊन बसलाव, म्हस तर शेजारी बी बघत होता."

सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं, ह्या माणसाला दुकान आन् म्हस सोडून दुसरं काही सुचत न्हाई. त्या फोनवर मी किती येळा वैतागून म्हणलं असंल, "ठेवा आता, लई कामं पडलीत." डोळ्यांत टचकन पाणीच आलं माझ्या.

जानकीबाईनं मला कोपरानं ढोसलं. "नशीब काढलंस गं इहीणबाई. माझे तर तंबाखूसाठी रडले."

पुन्हा सगळे हसले. सुपारी फुटायच्या आधीच तिनं मला इहीण करून टाकलं होतं, आन् ते कुणालाच खटकलं न्हाई. आतून तेजश्रीचा बी हसण्याचा आवाज आला.

मी आत गेले न्हाई. ह्यांच्याजवळ गेले आन् म्हणलं, "सरका जरा." सरकले. तिथंच, त्यांच्या शेजारी, भर बैठकीत बसले.

"आन् पुढच्या येळी तिकीट एकच आलं," मी म्हणलं, "तर त्या कंपनीला सांगा, तुमच्याजवळच ठेवा म्हणावं."